माकडतापावरचे संशोधन हे करिअर होऊ शकते का?

सप्रेम नमस्कार.

दोडामार्ग तालुक्यातून आपण पाठवलेले सविस्तर पत्र मिळाले. आपली काजूची बाग आहे, २०१६ साली आपल्या भागात गोचिडीमुळे पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली तेव्हा आपली मुलगी प्राथमिक शाळेत होती आणि बागेत कामाला येणाऱ्या ओळखीच्या माणसांना तापाने आडवे झालेले तिने पाहिले, असे आपण लिहिले आहे. आज ती बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संसर्गजन्य रोग व रोगप्रतिकारशक्ती या विषयात संशोधन करण्याचे तिने मनावर घेतले आहे. नीटमध्ये गुण कमी पडल्याने डॉक्टरकीचा मार्ग बंद झाला, तेव्हा आता तिने डी.एम.एल.टी. (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून तालुक्याला लॅब टाकावी किंवा बी.एड. करून शिक्षिका व्हावे, असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. या क्षेत्रात पोट भरते का, इतकी वर्षे खर्च कोणी करायचा आणि रोगजंतूंशी रोजचा संबंध म्हणजे जिवाला धोका किती, या आपल्या तीन शंका आहेत. तिच्या लग्नाची काळजीही आपण शेवटच्या दोन ओळींत व्यक्त केली आहे.

माझे मत आधीच सांगतो. मुलीची दिशा योग्य आहे, तिला अडवू नये. मात्र पीएच.डी. करायची की नाही, याचा निर्णय आज घेण्याचे कारण नाही. येत्या वर्षभरात तिला एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत दोनेक महिने प्रत्यक्ष काम करू द्यावे, त्यानंतर एम.एस्सी. कोठे करायची ते ठरवावे, आणि पीएच.डी.चा विचार एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात करावा.

आपल्या पत्रातील एका वाक्याने मला विशेष आनंद झाला. मुलगी विचारते की, एकदा माकडताप येऊन गेलेल्या माणसाला तो सहसा पुन्हा होत नाही असे लोक म्हणतात, मग लस घेतलेल्यांना पुन्हा पुन्हा बूस्टर का घ्यावा लागायचा? आपण हे वाक्य ‘तिचे असे काहीतरी चालू असते’ अशा शब्दांत ओलांडून गेला आहात, पण या विषयातील संशोधकही नेमका हाच प्रश्न विचारतात. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या रोगाच्या विषाणूचा शोध लावला. तो गोचिडीच्या चाव्यातून माणसाच्या शरीरात येतो आणि डेंग्यूच्या विषाणूच्याच कुळातला आहे. त्यावर अनेक वर्षे जी लस दिली जात होती ती निष्क्रिय केलेल्या विषाणूची होती. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढे पाच वर्षे दरवर्षी एकेक बूस्टर, असे तिचे वेळापत्रक होते. कर्नाटकात प्रत्यक्ष केलेल्या पाहणीत दोन मात्रांनंतर सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरनंतर सुमारे ८३ टक्के संरक्षण दिसले, आणि तेही काळानुसार ओसरत असे. २०२२ मध्ये ती लस देणे बंद झाले. नव्या लशीचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने सुरू आहे.

निष्क्रिय विषाणू शरीरात वाढत नाही, त्यामुळे प्रतिपिंडे (विषाणूला चिकटून त्याला अडवणारी रक्तातील प्रथिने) तयार झाली तरी टी पेशींचा (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) प्रतिसाद आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या, विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी बऱ्याचदा पुरेशा प्रमाणात निर्माण होत नाहीत. कोणत्या पेशी किती काळ टिकतात, विषाणूचा कोणता भाग त्यांना ओळखता येतो, आणि ताप उतरल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी काही रुग्णांना मेंदूशी संबंधित लक्षणांसह दुसरा झटका का येतो, या प्रश्नांवर काम करणारी माणसे आपल्याला हवी आहेत. हा रोग सह्याद्रीच्या पट्ट्यातला आहे, श्रीमंत देशांतील औषध कंपन्यांना त्यात फारसा रस असण्याचे कारण नाही. त्याचा अभ्यास इथल्याच माणसांनी करायला हवा. काजूच्या बागेत वाढलेली मुलगी तो करू इच्छिते, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

आता प्रत्यक्ष काम कसे असते ते सांगतो, कारण मुलीला याची कल्पना असणे तिच्या गुणांपेक्षाही अधिक महत्त्वाचे आहे. रोगप्रतिकारशक्तीच्या प्रयोगशाळेत नवीन विद्यार्थ्याला बहुधा रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करायला शिकवतात. नळीत आधी फायकॉलचे, म्हणजे पेशी वेगळ्या करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका दाट पदार्थाचे, द्रावण घ्यायचे, त्यावर पातळ केलेले रक्त नळीच्या कडेने इतके अलगद सोडायचे की दोन्ही थर एकमेकांत मिसळता कामा नयेत, आणि नळी अपकेंद्री यंत्रात सुमारे अर्धा तास फिरवायची. यंत्र थांबवताना ब्रेक लावायचा नाही, नाहीतर थर विस्कटतात. सगळे नीट जमले तर पिवळसर द्रव आणि फायकॉल यांच्या मध्ये धुरकट पांढरे कडे दिसते. हव्या असलेल्या पेशी त्या कड्यात असतात आणि त्या पिपेटने उचलायच्या असतात. हात हलला तर रुग्णाने दिलेला नमुना वाया जातो, आणि तो रुग्ण त्याच अवस्थेत पुन्हा भेटत नाही. हे काम आठवड्यातून अनेकदा, वर्षानुवर्षे करावे लागते. त्यातले बरेच प्रयोग फसतात, आणि का फसले हे शोधण्यातच दिवस जातात. ज्याला याचा कंटाळा येत नाही, उलट चूक कशामुळे झाली ते सापडल्यावर समाधान वाटते, त्याने या वाटेला जावे. हे घरी बसून कळत नाही, म्हणूनच दोन महिन्यांच्या कामाचा आग्रह मी धरतो आहे. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिची जाहिरात साधारणतः हिवाळ्याच्या सुमारास येते. त्यासाठी तिने जरूर अर्ज करावा.

धोक्याविषयी आपली भीती स्वाभाविक आहे. परंतु रोगजंतूंच्या घातकतेनुसार प्रयोगशाळांचे चार स्तर असतात, आणि माकडतापाचा जिवंत विषाणू सर्वोच्च सुरक्षेच्या चौथ्या स्तरातच हाताळला जातो. अशी प्रयोगशाळा पुण्याच्या विषाणू संस्थेत आहे. तेथे विशेष प्रशिक्षण घेतलेल्यांनाच प्रवेश असतो. विद्यापीठातील विद्यार्थी बहुतांशी निष्क्रिय केलेले नमुने, विषाणूची कृत्रिमरीत्या बनवलेली प्रथिने आणि पेशी यांवर काम करतात. धोका शून्य नसतो, पण नियम पाळणाऱ्या प्रयोगशाळेत तो आटोक्यात असतो. जिथे नियम पाळले जात नाहीत, हातमोजे न घालता काम चालते आणि रजिस्टरे नंतर भरली जातात, तिथे तिने राहू नये, मग संस्थेचे नाव कितीही मोठे असो.

एम.एस्सी.साठी पुणे आपल्या दृष्टीने सोयीचे आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान हे विभाग आहेत, विद्यापीठाच्याच आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, आणि विषाणू विज्ञान संस्था विद्यापीठाशी संलग्न असा विषाणूशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम चालवते. त्याच्या जागा मोजक्याच असतात आणि प्रवेश परीक्षेने भरतात. भोसरीला एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही आहे. घरापासून जवळ म्हणून गोवा विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचाही विचार करावा. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडताप आढळलेला असल्याने तेथेही हा विषय परका नाही. जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.साठीची गॅट-बी आणि विज्ञान शाखांच्या एम.एस्सी. प्रवेशासाठीची जॅम या दोन्ही राष्ट्रीय परीक्षांची तयारी तिसऱ्या वर्षात करावी.

पीएच.डी.च्या बाबतीत मात्र संस्थेपेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा, असे मी आग्रहाने सांगतो. त्याचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आज कुठे आहेत, त्याच्या प्रकल्पाला निधी किती काळ आहे, आणि प्रयोगशाळेतील विद्यार्थी मोकळेपणाने बोलतात की दबून, हे मुलीने स्वतः जाऊन पाहावे. चुकीच्या मार्गदर्शकाकडे हुशार मुलांची उमेदीची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत.

खर्चाचा प्रश्न एम.एस्सी.पर्यंतच आपला आहे. पुढे फेलोशिपशिवाय (संशोधनासाठी दरमहा मिळणाऱ्या शिष्यवृत्तीशिवाय) पीएच.डी.ला प्रवेश घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे. सी.एस.आय.आर.च्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) नेट परीक्षेतून, केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बी.ई.टी. परीक्षेतून किंवा आयुर्विज्ञान परिषदेकडून मिळणारी जे.आर.एफ. (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) यांपैकी एक मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. नियमानुसार घरभाडे भत्ता वेगळा असतो. शिवाय आपल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. हे पैसे काही वेळा महिनोनमहिने उशिरा हातात पडतात, तेवढी गंगाजळी घरात असू द्यावी.

लग्नाविषयी सांगायचे तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत महिला संशोधकांना पीएच.डी. पूर्ण करण्यासाठी दोन वर्षांची अधिक मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आहे. पुण्याच्या मायलॅबमधील विषाणूशास्त्रज्ञ मिनल दाखवे भोसले यांनी मार्च २०२० मध्ये कोरोना तपासणीचे पहिले स्वदेशी किट विषाणू संस्थेकडे तपासणीसाठी दिले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या बाळंत झाल्या. एवढी ओढाताण कोणाच्याही वाट्याला येऊ नये असेच मी म्हणेन, पण संसार आणि संशोधन यांतले एकच निवडावे लागते, असे आपण गृहीत धरू नये.

नोकरीचे चित्र मिश्र आहे. विद्यापीठांतील कायमस्वरूपी जागा कमी आहेत आणि प्राध्यापक भरती वारंवार रखडते, त्यामुळे केवळ त्यावर भिस्त ठेवू नये. परंतु लस आणि रोगनिदान किट बनवणाऱ्या कंपन्या पुण्यातच आहेत. हडपसरची सिरम इन्स्टिट्यूट आणि हिंजवडीची जेनोव्हा ही आपल्या माहितीतली नावे असतील. पेशींवर काम येणाऱ्या एम.एस्सी. झालेल्या मुलांनाही अशा ठिकाणी काम मिळते. डी.एम.एल.टी. हा सन्मानाचा व्यवसाय आहे. संशोधनात मन रमले नाही, तर तो मार्ग नंतरही खुला राहील.

तेव्हा या महिन्यात तिने पुणे आणि गोव्यातील पाच-सहा प्राध्यापकांना स्वतः ई-मेल लिहावे. त्यात ‘मला आपल्याकडे काम करायचे आहे’ एवढेच न लिहिता त्या प्राध्यापकांचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातील न समजलेली गोष्ट विचारावी, आणि बूस्टरविषयीचा आपला प्रश्न आपल्या शब्दांत मांडावा. ई-मेल आपण किंवा मी लिहून देऊ नये. उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करावी, आणि कोणी भेटीस बोलावले तर आपण सोबत जावे, मात्र बोलणे तिलाच करू द्यावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक