साध्या माणसांचे फोटो : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : शिंपी, वेल्डर, सायकल दुरुस्त करणारे अशा लोकांचे त्यांच्या कामाच्या जागी फोटो काढतो. ट्यूबलाइटखाली चेहऱ्याची एक बाजू हिरवट येते, काही फोटोंवर आडवे पट्टे उमटतात. कॅमेरा बदलावा का?

उत्तर : पैसे वाचवा. दोन्ही दोष उजेडाचे आहेत. ५० हर्ट्‌झ विजेवर जुन्या चोकच्या ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान असेल, तर फ्रेमचा काही भाग उजेडाच्या भरात टिपला जातो, काही भाग ओहोटीत. तेच ते पट्टे. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. ‘सायलेंट’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बंद करा, पट्टे त्यात सर्वांत जास्त येतात.

हिरवटपणाचं कारण वेगळं. एका गालावर खिडकीचा उजेड आणि दुसऱ्यावर ट्यूबचा पडला की व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, एकाच गालाला न्याय देतो. म्हणून आधी परवानगी घेऊन ट्यूब बंद करा. माणसाला दारापासून किंवा खिडकीपासून मीटर-दीड मीटरवर, उजेडाला तिरकं बसवा. अंधाऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला की सावली हलकी होते. आता दिवे नसल्यामुळे शटर १/१२५, अॅपर्चर (लेन्सची उघडीप) एफ ४ ते ५.६, आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) लागेल तितका, १६०० किंवा ३२०० सुद्धा. दाणेदार फोटो चालतो, डोळा हललेला चालत नाही. लेन्स जास्त उघडणाऱ्या एफ १.८ चा मोह टाळा : जवळून काढताना एक डोळा फोकसमध्ये, दुसरा बाहेर, आणि ज्या दुकानासाठी तिथवर गेलात ते मागे धुरकट.

प्रश्न : गप्पा मारताना मोकळी असलेली माणसं कॅमेरा उचलताच ताठ का होतात?

उत्तर : हातांचं काय करायचं ते कळत नाही म्हणून. हातात त्यांचंच रोजचं अवजार द्या, पण कामाचं नाटक करायला सांगू नका. ते लगेच ओळखू येतं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, फोकस एकदा पक्का करा आणि त्यांच्याकडे कॅमेऱ्याच्या वरून बघत बोला. पहिल्या दहा-बारा फ्रेम वाया जातील असं धरूनच चाला. ‘हसा’ मात्र म्हणू नका.

प्रश्न : वर्षभरात चाळीस जणांचे फोटो झाले, पण मालिका वाटत नाही.

उत्तर : कारण दर वेळी सगळंच बदलतंय. लेन्स, अंतर, कॅमेऱ्याची उंची आणि उजेडाची दिशा ठरवून टाका. बदलायचा तो फक्त माणूस. अमेरिकी छायाचित्रकार अर्व्हिंग पेन यांनी १९५० आणि १९५१ मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमधले कामकरी लोक असेच टिपले : साधा पडदा, नैसर्गिक उजेड, अंगावर कामाचेच कपडे, हातात अवजार. फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स आणि दोन मीटर अंतर ही सुरुवात चांगली. दीड मीटरच्या आत शिरलात की नाक मोठं दिसू लागतं. पडदा पांढरा असेल तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

प्रश्न : या मालिकेतला एक फोटो एका कंपनीला जाहिरातीसाठी हवा आहे. फोटो माझाच, मग देऊ ना?

उत्तर : फोटोचा हक्क तुमचा असेल, चेहरा त्या माणसाचा आहे. ‘काढा फोटो’ असं तो म्हणाला तेव्हा त्याच्या डोक्यात जाहिरात नव्हती. त्याच्याकडे परत जा आणि लेखी संमती घ्या. मोघम एका ओळीवर भागवू नका. फोटोचा फाइल क्रमांक, कशाची जाहिरात, कोणत्या माध्यमात, कुठे, किती काळ, त्याला किती मानधन, फोटोत फेरफार चालेल का, हे सगळं त्याला वाचता येईल त्या भाषेत हवं. वाचता येत नसेल तर त्याच्या भरवशाच्या माणसाकडून वाचून घ्या आणि त्या माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्या. मूल असेल तर पालकांची सही. ‘कशाची जाहिरात’ हे कलम सर्वांत महत्त्वाचं : कर्जाच्या किंवा औषधाच्या जाहिरातीत चेहरा झळकला, तर बघणारे त्यालाच कर्जबाजारी नाही तर आजारी समजतात.

मागे दिसणारी दुकानाची पाटी, शर्टावरचा लोगो, भिंतीवरचं चित्र हेही तपासा. त्यांचे मालक वेगळे असू शकतात. आणि कंपनीला ‘कायमचे सर्व हक्क’ लिहून देऊ नका. मुदत आणि माध्यम ठरवून परवाना द्या, त्याची मुदत संमतीपत्रातल्या मुदतीपेक्षा एक दिवसही जास्त नको. तो माणूस नाही म्हणाला तर कंपनीला तेच कळवा आणि त्याच पद्धतीने, मानधन देऊन, नव्या माणसाचा फोटो काढायचा प्रस्ताव ठेवा.