कुंभारमाशीचं मडकं खरवडू नकोस

खिडकीच्या चौकटीवर मातीचं चिमुकलं मडकं दिसलं ना? राहू दे. बडोद्याच्या आमच्या घरी मी ही कुंभारमाशी, म्हणजेच कुंभारीण, वर्षानुवर्षं बघतेय. ती पोटातल्या पाण्याने माती भिजवून गोळी-गोळीने भिंत चढवते, वर काठही वळवते! आत आधी एकच अंडं, तेही बारीक धाग्याला टांगलेलं. मग नांगी मारून बधिर केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपते. अळ्या जिवंत असतात, म्हणून पिल्लाला ताजं अन्न मिळतं. लिंपलेल्या मडक्याला नवं भोक पडलं की समज, आतलं कुणी बाहेर पडलं. बंद असेल तर घाई नको. वाढलेलं पिल्लू थंडीभर आत निजून राहू शकतं. घाबरूही नकोस, ही गांधीलमाशीसारखी घोळक्याने अंगावर येत नाही. तिला मडकं घडवायला कुंडीजवळ थोडी माती आणि पाणी मात्र ठेव.