वाचकांचे प्रश्न : पैसे जमा, पण हाती नाहीत

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. वाशीच्या दलालावर सगळी भिस्त नको म्हणून मुलाने गेल्या वर्षी संकेतस्थळ करून घेतले आणि एका पेमेंट कंपनीमार्फत पैसे घ्यायला सुरुवात केली. यंदा मार्चमध्ये आगाऊ बुकिंग घेतले. एप्रिलमध्ये ‘संशयास्पद व्यवहारांमुळे सेटलमेंट थांबवले आहे’ असा ईमेल आला आणि १ लाख ८६ हजार रुपये अडकले. विचारणा केली की ‘तपासणी चालू आहे’ एवढेच उत्तर मिळते. आंबा विकण्यात संशय घेण्यासारखे काय आहे?
– एक बागायतदार

उत्तर : आपले खाते कंपनीच्या संगणकाला कसे दिसते ते पाहा. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत त्यात जवळपास काहीच हालचाल नाही, आणि मार्च उजाडताच पुण्या-मुंबईपासून बंगळुरूपर्यंतच्या अनोळखी कार्डांवरून दोन-तीन हजारांच्या रकमा भराभर येऊ लागतात. चोरलेल्या कार्डांवर पैसे उकळणाऱ्या टोळीचे खातेही असेच दिसते. मोहर, तोडणी आणि आढी यांचे वेळापत्रक त्या यंत्रणेला कोणी शिकवलेले नसते. शिवाय आपण पैसे मार्चमध्ये घेता आणि पेटी मे महिन्यात देता. पेटी पोचलीच नाही तर ग्राहक स्वतःच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागतो, त्या वेळी रक्कम आधी कंपनीने परत करावी लागते आणि मग ती आपल्याकडून वसूल करावी लागते. अवकाळी पावसाने फळ गेले तर ही वसुली किती अवघड होईल, याचा अंदाज आपल्याला कंपनीपेक्षा जास्त असेल.

रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी पेमेंट ॲग्रिगेटर, म्हणजे विक्रेत्यांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या अशा कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहकांकडून आलेला पैसा कंपनीने स्वतःच्या पैशात न मिसळता बँकेतील एस्क्रो खात्यात, म्हणजे केवळ अशा पैशासाठीच्या वेगळ्या खात्यात, ठेवावा, असे त्यांत सांगितले होते. माल पोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची असेल, तर माल पोचल्याची खात्री झाल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे द्यावेत, अशीही तरतूद त्यांत होती. म्हणून आपल्या १ लाख ८६ हजारांचे आधी दोन भाग करा : पोचलेल्या पेट्यांचे पैसे आणि अजून झाडावर असलेल्या आंब्यांचे पैसे. दुसऱ्या भागासाठी भांडण्यात फारसा अर्थ नाही, कारण तो रोखून धरण्याला कंपनीकडे कारण आहे. पहिल्या भागासाठी मात्र लेखी आग्रह धरा.

अडचण येते ती पुराव्यात. बहुतेक बागायतदार पेट्या खासगी बसच्या डिकीतून पाठवतात आणि बसवाल्याच्या पावतीवर ‘आंबा, ४ पेटी’ व एक मोबाइल क्रमांक याखेरीज काही नसते. आपल्याकडे एवढ्यावर विश्वास बसतो. गुरुग्रामच्या कार्यालयात बसलेल्या तपासनिसाला त्या कागदावरून काहीच कळत नाही. यापुढे पेटीवर मार्करने ऑर्डर क्रमांक लिहा, बसमध्ये चढवण्यापूर्वी त्याचा फोटो काढा आणि पेटी मिळाल्याचा दोन ओळींचा संदेश ग्राहकाकडून मागून घ्या. त्यासोबत आंब्याची नोंद असलेला सातबारा आणि गेल्या वर्षीच्या एप्रिल-मेचे बँक विवरण जोडा. विक्री दरवर्षी याच महिन्यांत फुगते, हे सांगणारा याहून चांगला कागद नाही. २०१८ मध्ये मिळालेल्या हापूसच्या भौगोलिक मानांकनाखाली आपली वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल, तर ते प्रमाणपत्रही द्या. हे सर्व ग्राहकसेवेच्या चॅटवर न टाकता कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. असा अधिकारी नेमणे आणि तक्रार निवारणाची पद्धत जाहीर करणे त्याच सूचनांनुसार कंपनीवर बंधनकारक होते.

कारण न सांगण्यामागे प्रत्येक वेळी उद्दामपणाच असतो असे नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे गेला असेल, तर ती गोष्ट ग्राहकाला कळू द्यायची नसते. अशा वेळी फोनवरच्या मुलीवर आवाज चढवून हाती काही लागत नाही.

प्रश्न : तारकर्लीला आमचा होमस्टे आहे. एका पाहुण्याने यूपीआयने ६,५०० रुपये दिले होते. महिन्याभराने आमचे संपूर्ण बचत खाते गोठवले गेले. परराज्यातील सायबर पोलिसांचा आदेश आहे, असे बँक सांगते. काय करावे?
– एक वाचक, मालवण

उत्तर : वरच्या पत्रलेखकाचे पैसे कंपनीने रोखले आहेत, आपले पोलिसांच्या सांगण्यावरून, आणि त्यामुळे उपायही वेगळा आहे. फसवल्या गेलेल्या कोणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली की तो पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला त्यांची साखळी शोधली जाते. आपल्या पाहुण्याने दिलेली रक्कम त्या साखळीतली असावी. बँकेकडून तक्रारीचा पोच क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव, तपास अधिकाऱ्याचा ईमेल आणि वादग्रस्त रक्कम एवढे चार तपशील लेखी मागा. मग पाहुण्यांच्या नोंदवहीतील पानाची प्रत, त्यांचे ओळखपत्र, बिल आणि यूपीआय व्यवहार क्रमांक जोडून तपास अधिकाऱ्याला ईमेल करा आणि फक्त ६,५०० रुपयांवर लीन (म्हणजे तेवढ्याच रकमेवर रोख) ठेवून बाकीचे खाते मोकळे करावे, अशी विनंती करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत वादग्रस्त रकमेपुरतीच रोख ठेवण्याचे निर्देश बँकांना दिले होते. अर्जात त्याचा उल्लेख करावा.

बँकिंग लोकपालाकडे धाव घेण्याचा सल्ला आपल्याला पुष्कळ जण देतील. पोलिसांच्या आदेशाचे पालन म्हणून बँकेने केलेली कारवाई लोकपाल योजनेच्या कक्षेबाहेर आहे. बँक तपशीलच देत नसेल, तर मात्र ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. तिची तक्रार आधी बँकेकडे करा आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तर लोकपालाकडे जा. तपास अधिकारीही दाद देत नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, त्यासाठी वकील गाठा.

प्रश्न : माझे अडकलेले पैसे सोडवून देतो, असे सांगणाऱ्या माणसाने एक ॲप डाउनलोड करायला लावले आणि यूपीआय पिन टाकायला सांगितला. टाकू का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : टाकू नका. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीच लागत नाही. ॲप लगेच काढून टाका आणि खात्यातून रक्कम गेलेली दिसली तर हे उत्तर पूर्ण वाचण्यापूर्वीच १९३० ला फोन करा.