हॅलोविनला मुलं वेष धारण करून घरोघरी जातात आणि पिशवीभर चॉकलेट-गोळ्या आणतात, त्यांचं काय करावं?

31 ऑक्टोबरला मुलांना पोटभर जेवूनच बाहेर पाठवा, निम्मं काम तिथेच होतं. परत आल्यावर पिशवी जमिनीवर ओतून त्यांच्यासोबत निवडा. फाटक्या वेष्टनाचं फेकून द्या. नट्सची ॲलर्जी असेल तर लेबल वाचाच, छोट्या पॅकमधले घटक मोठ्यापेक्षा वेगळे असू शकतात. चार वर्षांखालच्यांना कडक गोळ्या अजिबात नकोत, घशात अडकतात. अमेरिकेतल्या आपल्या शाकाहारी घरांनी गमी (मऊ, चिवट गोळ्या) आणि कँडी कॉर्न (मक्याच्या दाण्याच्या आकाराच्या गोळ्या) यांमधलं जिलेटिनही बघावं, ते प्राण्यांपासून बनतं.

त्या रात्री आवडीच्या दोन-तीन खाऊ द्या. पुढे रोज एक-दोन, त्याही जेवणाला लागूनच. जेवताना लाळ भरपूर सुटते, साखरेमुळे तोंडात तयार होणारं आम्ल धुऊन जातं. दिवसभर एकेक चघळत राहिलं की दर वेळी दातांवर नव्याने आम्ल तयार होतं. म्हणून किती खाल्लं इतकंच किती वेळा खाल्लं हेही महत्त्वाचं. कॅरॅमल तर दाढेच्या खाचेत रुतून बसतं, त्यापेक्षा साधं चॉकलेट बरं. आंबट गोळीनंतर लगेच ब्रश नको. चूळ भरायची, ब्रश अर्ध्या तासाने.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते दोन वर्षांवरच्या मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत हवी. छोट्या चॉकलेट बारमध्येच साधारण 8-10 ग्रॅम असते.

खाऊचा डबा ओट्यावर नको, वरच्या फळीवर ठेवा. पण गुपचूप फेकू मात्र नका, मुलांचा विश्वास जातो.