दुबईला नोकरीवर निघायला तीन आठवडे उरलेत. सामानात काय न्यावं आणि घरची गडबड कशी आवरावी?

तुम्ही चिपळूणजवळचे आहात असं लिहिलंय, आणि शेवटी ‘नातेवाईक पार्सलं देतायत, नाही कसं म्हणू’ असंही विचारलंय. त्या एका ओळीसाठी मी लिहायला बसले.

तोंडावर नाही म्हणा. शिवलेलं, चिकटपट्टी मारलेलं कुणाचंही पार्सल बॅगेत घालू नका, मग ते सख्ख्या आत्याचं का असेना.

आमचं गाव खेड तालुक्यात. इकडे घरटी एक माणूस आखातात, त्यामुळे कुणी निघाला की वाडीभर कळतं. माझ्या धाकट्या भावाला दुबईत नोकरी लागली तेव्हा वडील हयात नव्हते, आईचे गुडघे गेलेले, म्हणून कागदांपासून बॅगेपर्यंत सगळं माझ्याकडे होतं. डिग्रीवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एक, पासपोर्टवर दुसरं. त्याचं प्रतिज्ञापत्र करा, मग अटेस्टेशनच्या, म्हणजे डिग्री खरी असल्याच्या सरकारी शिक्क्यांच्या मागे लागा. अमिरातीत अपोस्टिल (अनेक देशांत पुरतो तो परराष्ट्र खात्याचा एकच शिक्का) चालत नाही. आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, मग त्यांच्या वकिलातीचा. हे तुमचं झालेलं नसेल तर सामानाचं राहू द्या, आधी ते बघा.

या धांदलीत आत्या पांढऱ्या कापडात शिवलेलं गाठोडं घेऊन आली. तिचा मुलगा शारजाला असतो. “तो येऊन घेऊन जाईल, ह्याला काय फक्त न्यायचंय,” म्हणाली. मी कात्री आणली आणि तिच्यासमोर शिवण उसवली. आत वर्षाचा मसाला, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, आणि मुलाच्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या पट्ट्या. चिठ्ठी नाही, बिल नाही.

मसाल्यात खसखस होती. आपल्याकडे वर्षाच्या मसाल्यात ती घालतातच, त्यात कुणाला काही वाटत नाही. अमिरातीत मात्र ती अमली पदार्थांत धरतात आणि ती आणणं गुन्हा आहे. सुकं खोबरं तेलकट असल्याने आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून 2022 पासून ते चेक-इन बॅगेत न्यायला बंदी आहे. आणि गोळ्या ट्रॅमाडॉल या जालीम वेदनाशामकाच्या. तिकडे हे औषध नियंत्रित आहे. स्वतःसाठी न्यायचं तरी डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिथल्या सरकारची आधी घेतलेली परवानगी लागते. दुसऱ्याच्या नावाने तर विषयच नाही.

मी तिन्ही वस्तू बाजूला काढल्या. आत्या उठून उभी राहिली. “माझा भाऊ असता तर माझं गाठोडं उसवायची हिंमत झाली नसती तुझी.” ते मला फार लागलं. आजही लागतं. काकांनीही तिचीच बाजू घेतली. म्हणाले, “काढायचं होतं तर ती गेल्यावर गुपचूप काढायचंस. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कशाला दुखवायचं?”

काकांचं हे मला तेव्हा पटलं नाही, आताही पटत नाही. गुपचूप काढलं असतं तर ती फसवणूक झाली असती, आणि पुढच्या खेपेला तिने तेच गाठोडं दुसऱ्या कुणाच्या पोराकडे दिलं असतं. विमानतळावर बॅग ज्याच्या नावाची, जाब त्याला विचारतात. ‘आत्याने दिलं’ हे उत्तर तिथे कोण ऐकून घेणार? चोविशीतला मुलगा, पहिली नोकरी, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. त्याच्यापुढे मी आत्याचा मान ठेवायचा होता?

मी भावासाठी खसखस आणि खोबरं वगळून वेगळा मसाला कुटून घेतला होता. त्यातलाच अर्धा किलो आत्याच्या मुलाला धाडला. तुम्हीही आईला आजच सांगा, तयार मसाला बॅगेत घालू नका. त्यात काय काय पडलंय ते कुटणाऱ्यालाच माहीत असतं.

बाकी कुळीथपीठ, आमसुलं, आंबापोळी न्या. सोडे (सुकी कोळंबी) नेणार असाल तर दुहेरी पिशवीत बांधा, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास लागेल. आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली केबिन बॅगेत ठेवू नका. तिकिटावर किती किलो लिहिलंय ते बघून घरच्या काट्यावर दोनदा वजन करा.

पावसात निघणार असाल तर फ्लाइटच्या आदल्या रात्रीच्या गाडीवर विसंबू नका. जुलै 2024 मध्ये आमच्या खेडजवळ, दिवाणखवटीला रुळांवर दरड आली आणि कोकण रेल्वे ठप्प झाली. दोन दिवस आधी मुंबईत जाऊन राहा.

आणि एजंटने व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो, असं सांगितलं असेल तर जाऊच नका.

हे सगळं अमिरातीपुरतं आहे. शिकायला युरोपात वगैरे जाणाऱ्यांचे नियम वेगळे. औषधांच्या याद्याही बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी तिथल्या सरकारी साइटवर एकदा बघून घ्या.

आत्या अजून लग्नाकार्यात माझ्याशी मोजकंच बोलते. तिचा मुलगा मात्र आता कुणी इकडून निघालं की स्वतः फोन करून सांगतो, “आई काही देईल, उघडून बघ आणि मगच ने.” तुमच्या नातेवाइकांना नाही म्हणणं जड जात असेल तर एवढंच करा. त्यांना समोर बसवा, पार्सल त्यांच्याच हाताने सोडायला सांगा, आणि जे नेता येत नाही ते तिथल्या तिथे परत द्या.