सशांसाठी टू-टू रायफलला कोणती गोळी घ्यावी, आणि बंदुकीच्या बाराच्या आवाजाने ससे बुजतात का?

तुम्ही लिहिलंय की न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमध्ये फार्मवर नोकरी लागली आहे, लायसन्स हातात आलंय, मालकाने टू-टू (.२२ कॅलिबरची) रायफल आणि सप्रेसर (नळीच्या तोंडाला लावायचं आवाज दाबणारं साधन) वापरायला दिलाय आणि ससे कमी करायला सांगितलंय. एक जण म्हणतो हाय व्हेलॉसिटी, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने जाणारी गोळी घे, दुसरा म्हणतो सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा मंद जाणारी. आणि आवाजाने ससे खरंच बुजतात का, हे विचारलंय.

सबसॉनिक घ्या. ४० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), पोकळ टोकाची. सशाला ह्यापेक्षा जास्त काही लागत नाही. हाय व्हेलॉसिटी टू-टू माझ्या मते रिकामे डबे उडवायला ठीक आहे, जिवावर चालवायला नाही.

आवाजाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण हाच वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

मी मूळचा तासगावकडचा, द्राक्षातलाच माणूस. आता बरीच वर्षं सेंट्रल ओटागोत, क्रॉमवेलच्या जवळ बॅनॉकबर्नच्या बाजूला, वाइनच्या द्राक्षबागेत काम करतो. इथला ससा आपल्याकडच्या माळावरच्या सशासारखा एकटादुकटा नाही. तो बिळं खणून वसाहतीने राहतो. गोऱ्या लोकांनी १९व्या शतकात आणून सोडला आणि त्याने डोंगर उघडे केले. १८७६ मध्ये त्याच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. १९९७ मध्ये ह्याच भागातल्या शेतकऱ्यांनी सरकारची परवानगी नसताना सशांचा विषाणू बाहेरून आणून पसरवला, इतके ते टेकीला आले होते. आम्हाला त्रास असा की वेलांची नवी लागवड केली की ससा बुंध्याची साल गोल कुरतडतो, आणि वेल गेला. ठिबकच्या नळ्या चावतो तो वेगळाच. कुंपणाची जाळी जमिनीत पुरली तरी कुठेतरी फट सापडतेच. म्हणून संध्याकाळी रायफल घेऊन बसणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. ते नीट आणि कमी त्रासात व्हावं असं मला मनापासून वाटतं.

माझा मेहुणा ऑकलंडला असतो. रेंजवर कागदावर त्याचा नेम उत्तम आहे, ते नाकारत नाही. एका ईस्टरला तो आमच्याकडे आला. तेव्हा इकडे तोडणीचा हंगाम असतो, आणि पाखरांना हुसकायला गॅसची तोफ दिवसभर थोड्या थोड्या वेळाने धडाड करत असते. त्या तोफेपासून वीस-पंचवीस पावलांवर ससे खाली माना घालून चरत होते. ते बघून त्याने लगेच निकाल दिला. "दाजी, बघा, ह्यांना आवाजाचं काहीही पडलेलं नाही. तुम्ही उगाच त्या मंद गोळ्या घेऊन बसता, अक्षता टाकल्यासारख्या."

त्या संध्याकाळी तो स्वतःची रायफल आणि स्वतःच्या गोळ्या घेऊन आला. ३२ ग्रेनची हलकी गोळी, डबीवर वेग सेकंदाला १६४० फूट. सप्रेसर लावलेला होता. बागेच्या वरच्या ब्लॉकच्या, म्हणजे तुकड्याच्या, कडेला शिस्ट दगडाचे मोठे खडक आहेत, त्यांच्या पायथ्याशी रानगुलाबाची झुडपं आणि सगळीकडे थाईमची रानझुडपं. तिथे पाच-सहा ससे बाहेर आले होते. पहिला बार त्याने चांगला काढला, ससा जागेवर आडवा. पण गोळीचा कडाका त्या खडकांवर आपटून घळीत घुमला. बाकीच्या सशांकडे मी दुर्बिणीतून बघत होतो. सगळ्यांच्या माना एकदम वर, कान ताठ, एकाचा एक कान पुढे आणि एक मागे. धोका कुठून आला हेच त्यांना कळेना. दोन तर आमच्याच दिशेने पळत आले. मग एका मोठ्या मादीने मागचे पाय जमिनीवर आपटले, तो धप्प आवाज आमच्यापर्यंत ऐकू आला, आणि क्षणात पटांगण मोकळं.

इथे थांबायला हवं होतं. अंधार पडल्यावर दोन-तीन पुन्हा बाहेर आले, तेव्हा ह्याने टॉर्चच्या उजेडात लांबून बार काढला. वारा सुटलेला, अंतर ऐंशी-नव्वद मीटर तरी असेल. गोळी सशाच्या पाठीत लागली. जखमी ससा किंचाळतो. तो किंचाळत बिळाकडे फरफटत गेला आणि आत शिरला. आम्ही बिळापाशी गेलो, हात घालून बघितलं, मिळाला नाही.

त्यानंतर तो ब्लॉक बिघडला. जे ससे मला चाळीस मीटरवर बसू द्यायचे, ते टॉर्चचा उजेड दिसला की बिळात. हिवाळ्यापर्यंत तिथे हाताला काही लागलं नाही आणि नव्या लागवडीचं नुकसान झालं. मेहुणा मात्र ऑकलंडला परत गेला आणि फॅमिली ग्रुपवर आजही लिहितो, "तोफेखाली चरतात हो ससे."

चरतात. कारण तोफ रोज त्याच जागी वाजते आणि तिने आजवर एकाही सशाला काही केलेलं नाही. दोन दिवसांत ते सरावतात. तोडणीच्या वेळी ट्रॅक्टर, माणसं, रेडिओ, सगळ्यालाच सरावतात. पण कडाका झाला, शेजारचा तडफडला, किंचाळला, मग उजेड आणि माणूस चालत आला, हे सगळं एकापाठोपाठ घडलं की तो आवाज त्यांच्या लक्षात राहतो. मेहुणा फक्त पहिल्या बाराचा हिशेब करतो. मला त्याच जागी पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात बसायचं असतं.

आता ह्यात गोळीचा संबंध काय, ते बघा. सप्रेसर नळीच्या तोंडाशी होणारा स्फोटाचा आवाज दाबतो. गोळी आवाजापेक्षा वेगाने गेली तर तिच्या वाटेवर जो कडाका होतो, त्याला सप्रेसर काहीही करू शकत नाही. २० अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ११२५ फूट, शून्य अंशाला १०८७. सबसॉनिक १०५०च्या आसपास असते, म्हणजे आमच्या कडाक्याच्या थंडीतही आवाजाच्या खालीच. डबीवर 'स्टँडर्ड' लिहिलेली १०७०ची गोळी उन्हाळ्यात गप्प जाते, पण उणे पाचाच्या रात्री एखादी कडाडू शकते, कारण तेव्हा आवाजच मंद झालेला असतो. सबसॉनिक आणि सप्रेसर असला की तुम्हाला चापाची टिचकी आणि गोळी लागल्याचा 'थप्प' एवढंच ऐकू येतं. बाजूचा ससा मान वर करतो, नाक हलवतो, थोडं थांबतो आणि बऱ्याचदा परत चरायला लागतो.

मेहुण्याचं दुसरं म्हणणं, वेगवान गोळी वाऱ्याला दाद देत नाही. टू-टूच्या बाबतीत हे उलटं आहे. आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो, गोळी तिथे जास्त वेग गमावते, आणि जितका जास्त वेग गमावते तितका वारा तिला जास्त ढकलतो. म्हणून आडव्या वाऱ्यात ४० ग्रेनची हाय व्हेलॉसिटी ही सबसॉनिकपेक्षा जास्त सरकते. १२३५ फुटांनी निघालेली गोळी शंभर यार्डांवर हजाराच्या घरात येते, सबसॉनिक नऊशेच्या आसपास. एवढ्याशा फरकासाठी सगळी वसाहत जागी करायची का? सबसॉनिकचा खरा तोटा एकच, ती लवकर खाली येते. पन्नासला नेम बसवला असेल तर शंभरला जवळजवळ वीतभर खाली. म्हणून पन्नास-साठ मीटरच्या पुढे चाप ओढायचा नाही. डोक्याचा नेम मिळत नसेल तर जवळ सरका, नाहीतर सोडून द्या. मी सोडून देतो.

कोणत्या कंपनीची, हे मी सांगू शकत नाही, तुमची नळीच सांगेल. एली, सीसीआय, विन्चेस्टर, जी सबसॉनिक मिळेल तिची एकेक डबी आणा. पन्नास मीटरवर कागद लावा, बसून, टेकून, पाच-पाच गोळ्यांचे गट काढा. एका कंपनीवरून दुसरीवर गेलात की पहिले काही बार मोजू नका, गोळीवरचं मेण बोटाला लागतं ना, त्याचा नवा थर नळीत बसावा लागतो. ज्या गोळीच्या पाचही खुणा दोन डॉलरच्या नाण्याखाली झाकल्या जातात ती तुमची. मग त्याच लॉट नंबरचा (एकाच वेळी बनलेल्या गोळ्यांचा) पाचशेचा खोका घेऊन ठेवा. रायफल सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी) असेल तर सबसॉनिकवर ती अडकू शकते, रिकामं काडतूस पूर्ण बाहेर पडत नाही. बोल्टची, म्हणजे दर बाराला हाताने खटका ओढायची, असेल तर प्रश्नच नाही.

टू-टूऐवजी पॉइंट सेव्हनटीन एचएमआर ही लहान व्यासाच्या वेगवान गोळीची रायफल घ्या असंही कोणीतरी सुचवेल. १७ ग्रेन, २५५० फूट, लांबवर अचूक, पण कडाका मोठा आणि महाग. उघड्या डोंगरावर एकदा जाऊन यायचं असेल तर ठीक, रोजच्या बागेत नको.

आणि खरं सांगायचं तर बारापेक्षा बाकीच्या आवाजांनीच जास्त ससे जातात. यूटचं (पिकअप गाडीचं) दार आपटणं, खडीवरचे बूट, क्षितिजावर उभं राहणं. गाडी लांब लावा, वाऱ्याच्या खालच्या अंगाने या, खडकाला टेकून बसा आणि अर्धा तास काही करू नका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. टू-टूची गोळी दगडावरून, ओल्या जमिनीवरून, पाण्यावरून उसळते आणि मंद गोळी तर जास्तच. पोकळ टोकाचा इथे फायदा होतो, पण सशाच्या मागे माती दिसली तरच बार काढा. अंधारात चमकणारे डोळे म्हणजे ससाच असं नाही. पूर्ण ओळख पटल्याशिवाय बोट चापावर जाऊ देऊ नका. त्या जमिनीवर पिंडोन किंवा दुसरं विष टाकलंय का ते मालकाला विचारा, टाकलं असेल तर मांस खाऊ नका, कुत्र्यालाही घालू नका. भारतातून वाचणाऱ्यांसाठी, आपल्याकडचा ससा १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, हे उत्तर तिथे लागू नाही.

रात्री बाहेर पडायच्या आधी शेजारच्या फार्मवर फोन करून कोणत्या ब्लॉकमध्ये आहात आणि किती वाजेपर्यंत, ते सांगा. त्या ईस्टरला मी मेहुण्याला फोन करायला सांगितलं होतं, त्याने केला नाही, आणि तो कडाका ऐकून शेजारी त्याच रात्री गाडी घेऊन आमच्या फाटकाशी आला. सबसॉनिक असती तर त्याला काही ऐकूही गेलं नसतं. फोन मात्र तरीही करायचाच.