लाइव्ह सीडीला बूट स्प्लॅश लावताना

बूट स्प्लॅश म्हणजे लाइव्ह सीडी (इन्स्टॉल न करता सीडीवरूनच चालणारं लिनक्स) सुरू होताना पडद्यावर दिसणारं चित्र. आधी एक ठरवा: ते नेमकं कुठे हवंय? बूट मेनूच्या मागे, की कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू झाल्यावर धावणाऱ्या अक्षरांच्या जागी? ही दोन वेगळी कामं आहेत.

मेनूमागचं सोपं. ६४०×४८० ची पीएनजी फाइल आयसोलिनक्सच्या (सीडीवरून लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) फोल्डरमध्ये ठेवा, त्याच्या कॉन्फिगमध्ये 'यूआय' म्हणून व्हेसामेनू (चित्रासह मेनू दाखवणारं) मॉड्यूल द्या आणि 'मेनू बॅकग्राउंड'पुढे फाइलचं नाव लिहा. सिसलिनक्स (आयसोलिनक्स ज्या संचात येतं तो) ५ किंवा त्यापुढचं असेल तर एलडीलिनक्स, लिबकॉम३२ आणि लिबयूटिल ही मॉड्यूलंही शेजारी लागतात, आणि सगळी एकाच आवृत्तीची. माझे दोन दिवस इथेच गेले होते. आयसोलिनक्स एका आवृत्तीचं, व्हेसामेनू दुसऱ्याच सीडीवरून उचललेलं. पडद्यावर 'नॉट अ कॉम३२आर इमेज' आणि खाली नुसतं 'बूट:'. चित्राचा पत्ताच नाही!

दुसऱ्या कामासाठी, म्हणजे अक्षरांच्या जागी चित्र दाखवायला, प्लिमथ हा प्रोग्राम. डेबियन किंवा उबुंटू असेल तर सीरूटमध्ये (म्हणजे सीडीवरच्या सिस्टिमच्या आत) शिरून प्लिमथची थीम निवडा आणि 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' चालवा. मग त्यातून तयार झालेली इनिटआरडी (कर्नलसोबत सुरुवातीला लोड होणारी फाइल; थीम हिच्यातच असते) सीडीच्या 'लाइव्ह' किंवा 'कॅस्पर' फोल्डरमध्ये पुन्हा कॉपी करा. ही पायरी हमखास राहते; जुनीच इनिटआरडी असेल तर नवी थीम दिसणार कुठून? कर्नलच्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश' हवंच.

यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) मशीनवर आयसोलिनक्स चालत नाही. तिथे बहुधा ग्रब हा दुसरा बूट प्रोग्राम असतो, त्याचं चित्र वेगळं द्यावं लागतं.

आणि दर बदलाला सीडी बर्न करत बसू नका, आयएसओ (सीडीची इमेज फाइल) क्यूईएमयूमध्ये (संगणकातच आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) चालवून बघा. मेनूची अक्षरं जिथे येतात तिथे चित्र गडद ठेवा, नाहीतर पर्याय वाचताच येत नाहीत.